राइसमिलच्या बॉयलरची पाणबुडी

भंडाऱ्यात माझं पंपांचं दुकान आहे. मोटारी, पाइप, फुटवॉल, वायसर. शेतकऱ्याला पाणी वर आणायला जे लागतं ते सगळं माझ्याकडे मिळतं. दुकानामागच्या आवारात एक जाड लोखंडी पिंप आडवं पडलेलं आहे. त्याच्या बुडाला गोल भोक आहे आणि त्या एका भोकाला दोन दारं आहेत. गिऱ्हाईक मोटार बांधून होईपर्यंत इकडंतिकडं बघतं आणि विचारतं, "हे कायचं हाय, इश्वरभाऊ? टँकर होय का?" मी सांगतो, बॉयलर आहे. ते खोटं नाही. उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाच्या बंद पडलेल्या मिलचाच तो बॉयलर आहे. पण एखादा फारच खोदून विचारायला लागला तर सांगतो, की बाबा, पाणबुडी आहे. मग तो हसतो. भंडाऱ्याहून कुठल्याही दिशेला जा, रात्रभर गाडीत बसल्याशिवाय समुद्र दिसत नाही. हसणाऱ्याला मी त्या दिवशी भावात सूट देत नाही.

ती पाणबुडी लक्ष्मणभाऊंची. म्हणजे पाणबुडी सगळी झालीच नाही, तिची मागची खोली तेवढी झाली. तिची हकिगत सांगायची तर आधी पाण्याच्या गुंडाची सांगावी लागते.

लक्ष्मणभाऊंच्या घरात पिढ्यान् पिढ्या पितळेचं काम. आमच्या आळीत पूर्वी सकाळपासून ठोक्यांचा असा कल्ला असायचा, की शेजाऱ्याशी बोलायचं तर ओरडूनच. मग स्टील आलं, प्लास्टिक आलं, आणि एकेक घर गप्प झालं. लक्ष्मणभाऊंचं तेवढं वाजत राहिलं. ते पाण्याचे गुंड, म्हणजे कमरेवर घ्यायच्या मोठ्या घागरी, करायचे. पितळेचा गुंड बाजारात कुठंही मिळतो, पण भाऊंकडे गुंड मागायला गेलात तर त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "उचलणार कोण?" बायको उचलणार असेल तर बायकोला घेऊन या, सून उचलणार असेल तर सुनेला. तिची उंची बघायचे, कोपर कुठं येतं ते बघायचे, गाठी मारलेल्या सुताच्या दोरीनं माप घ्यायचे आणि मग पत्र्याला हात घालायचे. "भांडं कोणी बी करते," म्हणायचे. "ज्याचं त्याले बसलं पायजे." त्यांचं लग्न ठरलं तेव्हा कौशल्यावहिनींना त्यांनी एकदाच, तेही मान खाली घालून, पाहिलेलं. मग गुंडाचं माप आणायचं कसं? तर सख्ख्या बहिणीला दोरी देऊन करडीला, वहिनींच्या गावी, पाठवलं. नवरदेवानं नवरीची कंबर मोजायला माणूस धाडलं म्हणून करडीत जी चर्चा झाली, ती वहिनींना म्हातारपणापर्यंत ऐकून घ्यावी लागली. पण तो गुंड त्यांच्या कमरेवर असा बसायचा, की दुसरा हात मोकळा सोडून त्या घाट चढायच्या.

त्यांना एकच मुलगा, भूषण. डावरा आणि पाण्याचं वेड लागलेला. वैनगंगेच्या घाटावर कोणाची कळशी निसटली, की बाया पोलिसाला नाही, भूषणला हाक मारायच्या. हा नाक धरून खाली जायचा आणि बाया देवाचं नाव घ्यायला लागल्या की हसत वर यायचा. गोंदिया जिल्हा आमच्यातून फुटून वेगळा झाला, त्या वर्षी तो बारावी झाला आणि पाणबुड्याचं काम शिकायला समुद्रावर गेला. पुढं खोल समुद्रातल्या तेलाच्या पाइपांवर कामाला लागला. अड्याळची कीर्ती त्याला केली. मुलगी शिकलेली, कमी बोलणारी, पण बोलली की शेवटचं बोलणारी.

एकदा सुट्टीवर आला असताना मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. भाऊंनी विचारलं, "तू तिथी दार उघडून पाण्यात उतरतो म्हणतो. मंग पाणी आत काहून नाही घुसत?" भूषणनं अंगणातल्या घंगाळात पाणी भरलं आणि पितळेचा गडू उपडा करून सरळ आत दाबला. "आत पाहा बाबा. गडवात पाणी चढलं का? हवा अडवते त्याले. आतली हवा बाहेरच्या पाण्याएवढी दाबली का पाणी दारातच उभं राहते. दार सताड उघडं ठेवा, पाणी उंबरठा चढत नाही." भाऊ गडू दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. चहा निवून गेला. भूषण मला म्हणाला, "आता बाबा आठ दिवस हेच करन."

लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा ती बातमी आली. वादळ उठलं होतं, वरचं जहाज सरकलं, खाली काम करणाऱ्या भूषणची हवेची नळी तुटली. शोधलं म्हणतात. मग हवा आणखी बिघडली, जहाज बंदरात परतलं आणि शोध थांबला. कंपनीचा माणूस आला, कागद देऊन गेला. भूषण मात्र आला नाही. दहा-बारा मजल्यांच्या दोन इमारती एकावर एक ठेवल्या, तर जेवढी उंची होईल तेवढ्या पाण्याखाली तो कुठं तरी राहिला.

देह मिळाला नाही तर आमच्याकडे पळसाचा पुतळा करतात. पळसाच्या पानांचं नि देठांचं माणूस करायचं, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्याला अग्नी द्यायचा. म्हणजे जाणारा सुटला आणि राहणारेही सुटले. भटजींनी दिवस काढून दिला. वहिनी उंबऱ्यात बसल्या आणि म्हणाल्या, "पानं जाळून माह्या पोट्टा कसा जाईन? त्याचं एक हाड आणा. एक बोट आणा. मंग जाळा मले बी त्याच्यासंग." भाऊ भिंतीला टेकून उभे होते, ते सरळ झाले. मग म्हणाले, "मी आणतो त्याले." मला वाटलं, बायकोला शांत करायला म्हणतात तसं म्हणाले. माणूस बोलून जातो. पण लक्ष्मणभाऊ आयुष्यात तोंडाला येईल ते माप बोलले नव्हते, हे मी विसरलो.

दिवस काढला तो परत केला. कीर्तीच्या कपाळावरचं कुंकू तसंच राहिलं. ते पूस असं तिला कोणी सांगितलं नाही, आणि राहू दे असंही कोणी सांगितलं नाही. हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही, यावर आमच्या आळीतल्या बायांच्या बैठकी बसायच्या. माझी बायको, ललिताबाई तिचं नाव, अशा एका बैठकीतून तणतणत उठून आली आणि पुन्हा तिकडं फिरकली नाही. कीर्ती रोज सकाळी आरशासमोर उभी राहायची तेव्हा काय करायची, कुंकू लावायची की लावावं लागायचं, हे तिलाच ठाऊक.

भाऊंना इंग्रजी येत नव्हतं. कीर्तीला येत होतं. बसस्टँडजवळच्या नेट कॅफेतून ती कागद छापून आणायची आणि ठोक्यांच्या मधे मधे त्यांना वाचून दाखवायची. जगात कोणी कोणी खाजगी छोट्या पाणबुड्या बांधतात, हे आम्हाला तिनंच सांगितलं. त्यातल्या काहींना दोन खोल्या असतात. पुढच्या खोलीत चालवणारा बसतो, तिथं आपली जमिनीवरची साधी हवा. मागच्या खोलीत पाणबुड्या, म्हणजे पाण्यात उतरणारा माणूस. तळाशी पोचलं की मागच्या खोलीतली हवा बाहेरच्या पाण्याएवढी दाबायची, बुडाचं दार उघडायचं, पाणबुड्या बाहेर पडतो, काम करतो, परत आत येतो, दार लावतो. मग त्या दाबलेल्या हवेतच त्याला वर आणायचं आणि हळूहळू, दिवसन् दिवस, दाब उतरवायचा. घाई केली तर रक्त फेसाळून माणूस मरतो.

"म्हणजे गडूच झाला," भाऊ म्हणाले.

"गडूच आहे, मामाजी," कीर्ती म्हणाली. "पण माणूस मावन एवढा."

मी म्हटलं, चला, दुःखाला काही तरी उद्योग पाहिजे. वर्षभर ठोकतील, मग थकतील. मीच थकलो, ते थकले नाहीत. आधी त्यांनी पितळेचा नमुना केला, गुंडाएवढा. दोन खोल्या, मधे पडदा, सगळं. विहिरीत सोडला, चेपून वर आला. पुन्हा केला. विहिरीकाठी चेपलेल्या पाणबुड्यांची रांग लागली. आळीतली माणसं येता-जाता विचारायची, "काय लक्ष्मणभाऊ, कधी निघून राहिले लंकेला?" भाऊ उत्तर द्यायचे नाहीत. मी द्यायचो, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

चुलीच्या भिंतीवर त्यांनी शाळेतला भारताचा मोठा नकाशा टांगला. पश्चिमेच्या समुद्रात, जिथं भूषण गेला तिथं, कीर्तीनं पेन्सिलीनं एक टिंब दिलं. एकदा भाऊंनी विचारलं, "आपली वैनगंगा याले कुठी भेटते?" कीर्तीनं बोट ठेवलं आणि नदीबरोबर सरकवत नेलं. भंडारा, पवनी, खाली प्राणहिता, मग गोदावरी, आणि बोट नकाशाच्या दुसऱ्याच काठाला जाऊन थांबलं. "आपली नदी तिकडं जातच नाही, मामाजी. ती पूर्वेच्या समुद्राले जाते."

"एवढं पाणी!" भाऊ चिडलेच. "जन्मभर पाहून राहिलो. त्यातला एक थेंब बी पोट्ट्याकडं जात नाही?"

त्यांनी नकाशा उतरवला, पूर्वेची बाजू मागं दुमडली आणि अर्धाच परत टांगला. तो तसाच राहिला.

मग तो बॉयलर आला. मिलवाल्याला तो भंगारात द्यायचाच होता. ठेवायला जागा नव्हती म्हणून माझ्या आवारात उतरवला. भाऊंनी कान लावून, ठोकून ठोकून त्याचा पत्रा तपासला, आणि पितळवाले भांडं पारखतात तसं आत पाणी भरून ठेवलं. एक थेंब पाझरला नाही. भाऊ खूश. तेव्हा मी संघपाल सरांना बोलावून आणलं. हे कोंढ्याचे. वडील शेतात राबले, मुलगा नागपूरला कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. माझ्याकडे गावच्या विहिरीची मोटार न्यायला यायचे, तिथून ओळख. सर बॉयलरभोवती फिरले, भाऊंनी बुडाच्या भोकाला बसवलेलं दार पाहिलं आणि खालीच उकिडवे बसले.

"काका, दार आत उघडते?"

"दार आतच उघडते ना. घराचं दार बाहेर उघडते का कुठी?"

आमच्याकडे खरंच उघडत नाही. पाहुण्याच्या तोंडावर दार ढकलायचं नसतं. पण समुद्र हा पाहुणा नव्हे. सरांनी फार नीट, फार मायेनं समजावलं. खाली जाताना बाहेरचं पाणी दाबणार, आत उघडणारं दार ते ढकलून देणार. तेव्हा दार बाहेरून बसलेलं पाहिजे. वर येताना उलटं. आत दाबलेली हवा, बाहेर काही जोर नाही. तेव्हा दार आतून बसलेलं पाहिजे. आणि ते नाही टिकलं, तर आतला माणूस जागीच गेला.

"म्हंजे जायचं दार येगळं अन् यायचं येगळं," भाऊ म्हणाले.

"एका भोकाला दोन."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. सगळं ऐकलं असावं. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "यायचं पक्कं करा जी. जायचं कसं बी असू द्या."

त्या दोन दारांत दीड उन्हाळा गेला. सर सुट्टीला आले की तपासायचे, आणि प्रत्येक वेळी एक अडचण सुटली की तिच्या मागं उभ्या असलेल्या चार दिसायच्या. बाहेरच्या दाबानं पत्रा चेपू नये म्हणून आतून गोल कडी घालायला हवीत. पुढची खोली कोण करणार? बॅटऱ्या? दाबात श्वासाला साधी हवा चालत नाही, दुसरा वायू लागतो, तो भंडाऱ्यात नुसता पाहायला मिळत नाही. समुद्रावर न्यायला जहाज लागतं. सरकारची परवानगी लागते. सर सगळं बोलून दाखवायचे. भाऊ ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ते पुढचं. आधी खोली होऊ द्या." आशा म्हणतात ती मी पंपाच्या धंद्यात पुष्कळ पाहिली आहे. तीनशे फूट कोरडं गेलं तरी माणूस म्हणतो, अजून दहा मारा. पण भाऊंची तशी नव्हती. त्यांना यश येईल असं वाटत होतं, असं मला आजही वाटत नाही. हात थांबला की काय होईल, याची त्यांना भीती होती. आणि मला त्यांची भीती वाटायची.

आतलं काम त्यांनी कोणाला करू दिलं नाही. बसायला लोखंडी फळी, पाय अडकवायला आकडा, धरायला पितळी कडी, ती तेवढी हातोडीनं मठारून चकचकीत केलेली. दाब सोडायचं चाक डावीकडं बसवलं. मी म्हटलं, "भाऊ, चाक उजव्या हाताले पायजे. माणूस घाबरला का उजवा हात पुढं करते."

"असू दे. त्याले डावीकडंच सोपं पडते."

त्यांच्याशी मापावरून भांडण्यात अर्थ नसायचा. एकदा मी स्वतः त्या भोकातून आत शिरायचा प्रयत्न केला आणि पोटापाशी अडकलो. कीर्ती त्या वर्षात पहिल्यांदा हसली. भाऊ म्हणाले, "तुह्यासाठी नोहे ते, इश्वर," आणि मला बाहेर ओढलं.

शेवटी खोली झाली. पवनीच्या वाटेवर गिट्टीची एक बंद पडलेली खदान आहे, पाण्यानं भरलेली. आमच्या आसपास तेवढंच खोल पाणी. एका ओळखीच्याची क्रेन नेली. खोलीला खालून रुळाचे तुकडे बांधले, नाही तर ती तरंगलीच असती. वहिनींनी डब्यातून मुरमुरे आणले होते. त्यातले वाटीभर खोलीत फळीवर ठेवले. पाणी सोडा, नुसती ओल शिरली तरी मुरमुरे मऊ पडतील. हे त्यांचं डोकं. सर म्हणाले, यापेक्षा चांगलं यंत्र माझ्या प्रयोगशाळेत नाही.

खोली खाली गेली. साखळी संपेपर्यंत गेली. काठावर क्रेनवालासुद्धा विडी विझवून उभा होता. वर आली, भाऊंनी दोन्ही दारं उघडली, वाकून हात घातला आणि वाटी बाहेर काढली. वहिनींनी एक मुरमुरा दाताखाली धरला. कुर्रकन वाजला.

मी ओरडलो. लाज काय वाटायची त्यात? सरांनी भाऊंना मिठी मारली. नंतर कॉम्प्रेसरनं आत हवा भरली, आतल्या दाराच्या कडेला साबणाचा फेस लावला, एक बुडबुडा फुटला नाही. यायचं दार पक्कं होतं. आम्ही सगळे गोल बसून ते मुरमुरे खात होतो. खदानीच्या पाण्यावर ऊन पडलं होतं, आणि त्या घडीला मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की हो, आणू आम्ही भूषणला. समुद्राच्या मानानं ती खदान म्हणजे घंगाळच, हे मला कळत होतं. तरी सांगितलं असतं.

सर उठून खोलीपाशी गेले. टेपनं भोक मोजलं, फळी मोजली, पुन्हा भोक मोजलं.

"काका, हे थोडं लहान पडते. पाणबुड्याच्या पाठीवर सामान असते. आडव्या अंगाचा माणूस अडकन इथी. कोणत्या मापानं धरलं हे?"

"उतरणाऱ्याच्या," भाऊ म्हणाले. तोंडात मुरमुरे होते.

"कोण उतरणार आहे?"

"भूषण," भाऊ म्हणाले. "अजून कोण? आपल्यातला पाणबुड्या तोच ना."

ते इतक्या सहज म्हणाले, की पहिल्यांदा कोणाला काही वेगळं वाटलंच नाही. वहिनींनीही मान हलवली. मग सरांनी टेप गुंडाळला, सावकाश, आणि तो आवाज ऐकू आला. मला चाक आठवलं, डाव्या हाताचं. भोक त्याच्या खांद्याचं. लग्नाच्या कोटाचं माप शिंप्याकडून आणलं असणार. फळी त्याच्या मांडीची, आकडा त्याच्या पायाचा. उचलणार कोण हे विचारल्याशिवाय ज्या माणसानं पत्र्याला कधी हात लावला नाही, त्यानं इतकी वर्षं भूषणला आणायला भूषणलाच पाठवायची तयारी केली होती. आणि आम्हा कोणालाही हा एक प्रश्न सुचला नव्हता.

भाऊ आमच्या तोंडांकडे पाहत राहिले. एकाकडून दुसऱ्याकडे. मग त्यांना कळलं. हातातली वाटी त्यांनी खाली ठेवली. रडले नाहीत. "माप तर बरोबर हाय," असं पुटपुटले, दोनदा, आणि खोलीच्या भोकात हात घालून ती पितळी कडी धरून बसले. वहिनी त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. मला माझा राग आला, सरांचा आला, त्या कंपनीचा आला, आणि कोणाचाच येऊन काही उपयोग नव्हता.

बोलली ती कीर्ती.

"मामाजी, आता पुतळा करा."

भाऊंचा हात कडीवरच होता.

"मी तुम्हाले सगळे कागद वाचून दाखवले. एक बी पान सोडलं नाही. पण मले रोज सकाळी समजत नाही, मी कोण हाय ते. जिवंत माणसाची बायको हाय का मेलेल्याची. आता नाही होत माह्यानं. त्याले जाऊ द्या. मले बी जाऊ द्या."

वहिनींनी डोळ्याला पदर लावला आणि ओरडतील असं मला वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. तिच्याकडे हात पुढं केला. कीर्ती त्यांच्यापाशी जाऊन बसली. क्रेनवाल्याला कोणी तरी काही तरी सांगायला हवं होतं, म्हणून मी तिकडं गेलो.

भटजींनी पुन्हा दिवस काढला. वैनगंगेच्या काठी पळसाची पानं पसरली, देठांचे हातपाय केले, नारळ ठेवला. भटजी असे पुतळे करत आलेले, त्यांचा ठरलेला आकार. भाऊ बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, "आखूड झाला."

"विधीला चालते, लक्ष्मणराव."

"मले नाही चालत."

खिशातून सुताची गाठींची दोरी काढली. खाली बसले आणि पुतळा मोकळा करून पुन्हा बांधायला लागले. खांदे रुंद केले. पाय लांबवले. डावा हात जरा पुढं घेतला. भटजी थांबले, मंत्र थांबले, कोणी घाई केली नाही. पळसाची पानं संपली तेव्हा मी जाऊन आणखी आणली. झाल्यावर भाऊ उभे राहिले, एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि ती दोरी पुतळ्याच्या छातीवर ठेवली. तिच्यासकट अग्नी दिला. पानंच ती, बघता बघता गेली. त्यानंतर लक्ष्मणभाऊंनी गुंड केला नाही. दोरीच राहिली नाही, असं ते विचारणाऱ्याला सांगतात.

कीर्तीनं बांगड्या स्वतःच्या हातानं काढल्या, कोणाला फोडू दिल्या नाहीत. पुढं ती अड्याळला गेली, तिथं शाळेत शिकवते. वहिनींना भेटायला येते. तिचं दुसरं लग्न व्हावं म्हणून वहिनीच माझ्या मागं लागलेल्या असतात. ती नाही म्हणते. सुटका झाली का, असं मी तिला एकदा विचारलं. म्हणाली, "समजते आता, मी कोण हाय ते. तेवढंच."

पण मला सांगायचं आहे ते राखेचं. राख वहिनींनी आपल्या लग्नाच्या गुंडात भरली आणि गुंड स्वतः कमरेवर घेतला. बायांनी पाण्यापर्यंत यायचं नसतं म्हणून कोणी तरी कुरकुरलं, त्याच्याकडे मी असं पाहिलं की तो गप्प झाला. वहिनी गुडघाभर पाण्यात उतरल्या. एका बाजूला भाऊ, एका बाजूला कीर्ती, मागं मी. त्यांनी गुंड कलता केला. राख पाण्यावर पसरली, जरा फिरली आणि धारेला लागली.

वहिनी तिच्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी विचारलं, "काय जी, हे पाणी समुद्राले जाते ना?"

"जाते," भाऊ म्हणाले.

"मंग गाठ पडन ना याची त्याची?"

कीर्तीनं माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं. मला तो भिंतीवरचा अर्धा नकाशा दिसत होता, त्यावरचं टिंब, आणि मागं दुमडलेली पूर्वेची बाजू, जिथं हे पाणी जाणार होतं. भाऊंनाही दिसत असणार. केसाएवढं माप चुकलं तर भांडं मोडून पुन्हा करणारा हा माणूस. वहिनी वाट पाहत होत्या.

"पडन," भाऊ म्हणाले. "काहून नाही पडन?"

राख पवनीकडे निघून गेली. वहिनींनी गुंड विसळला, रिकामा कमरेवर घेतला, आणि आम्ही घाट चढून वर आलो.